दुखणं उतरल्यावर

५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र झाडांची पानं गळत होती तेव्हा आलं. त्यानंतर तू आहेस की हवेत विरघळलास, काही कळायला मार्ग नाही. फोनचा उपयोग नाही हे तुला ठाऊकच आहे. फोन कानाशी नेला की माझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि मी हो हो करत भलत्याच गोष्टीला होकार देऊन बसते. मागे अशीच एकीच्या काळ्या कोटाला जांभळं अस्तर लावायला कबूल झाले होते. तेव्हा आपलं टपालच बरं.

दुकान चाललंय. थंडीत माणसं खातात आणि थंडी ओसरली की पँटी घेऊन माझ्याकडे येतात. कमरेत दोन बोटं सैल करून द्या म्हणताना प्रत्येक जण कापड आटल्याचं सांगतो. मीही मान डोलावते. गिऱ्हाइकाची लाज राखणं हेसुद्धा शिवणकामातच येतं.

आता माझ्या दातांचं बोलू. वरचे सगळे काढले, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा तुला पार्सलने पाठवला, तो पोचल्याचं तू कळवलंस आणि तिथेच गाडं अडलं. सध्या मी पाव दुधात भिजवून खाते आणि गिऱ्हाइकांशी तोंडावर हात धरून बोलते. त्यांना वाटतं, म्हातारपणी हिला लाजायचं सुचलंय. बाई म्हणतात, इथल्याच माणसाकडून कवळी करून घ्या, आठवड्यात देईल. मी साफ नाही म्हटलं. कवळ्या बनवणारा सख्खा भाऊ असताना परक्याचे दात तोंडात घालू? घाई नाही, पण अगदीच पुढच्या जन्मावर टाकू नकोस.

आणि हो, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, सुईत दोरा ओवता येतोय, म्हणून आता लिहिते. आईची शिस्तच आहे ना, दुखणं उतरल्यावर कळवावं. बाबांचं पोट कापल्याचं आपल्याला टाके निघाल्यावर कळलं होतं. मला हॉस्टेलात टायफॉइड झाला तेव्हा मी घरी हवा छान आहे असं लिहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दूरच्या माणसाचा जीव उगाच कशाला टांगणीला लावायचा?

तुझ्यासारखं हसवणारं आपल्या घरात दुसरं कुणी झालं नाही. तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचते आणि इस्त्रीवाली पोटभर हसते. तिलाही तुझी उणीव जाणवायला लागलीय. अँब्युलन्सच्या फोनवर बसणाऱ्या आपल्या कंट्रोलरूमबाईंना, म्हणजे तुझ्या बायकोला, आशीर्वाद सांग. तिच्या कामाच्या पाळ्यांमध्ये तुला जेवायला मिळतं ना?

बाकी काय लिहू. माया आहेच, ती आठवण करून द्यायची गोष्ट नव्हे. पत्र मात्र आठवणीने टाक.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा बिनदातांचा दम पोचला. दात नसताना एवढं चावतेस, मग कवळी बसवून मी स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घ्यावा, असा विचार करतोय.

इथे नवीन गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पंच. आयुष्यभर मैदानावर शिट्टी फुंकली. नवी कवळी घातली आणि शिट्टी वाजेना, सगळी हवा बाजूने निसटते. जेवण होतं, बोलणं होतं, पण शिट्टी वाजल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणाला. मी कवळी मागून घासली, पुढून मेण लावून पाहिली, दात अर्ध्या केसाएवढे आत सरकवले. शेवटी वाजली. अशी वाजली की शेजारचा चावीवाला दोन्ही हात वर करून दुकानाबाहेर आला. इस्त्रीवालीला हे आधी वाचून दाखव.

आता एक जुनी बातमी. मध्ये माझं मन आजारी होतं. घाबरू नकोस, उतरलंय, म्हणूनच लिहितोय. काही विशेष नव्हतं. सकाळी अंगावरचं पांघरूण प्लॅस्टरचं वाटायचं आणि कशाचीही चव लागेना. बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, दात उत्तम. त्यांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्यांपेक्षा मोठं नको नकोचं पुराण. दिवसा झोपू नका. घरात कोंडून घेऊ नका. झोप यावी म्हणून दारू पिऊ नका. बोलावणी टाळू नका. गोळ्या म्हणजे पी हळद नि हो गोरी नव्हे, थोडं बरं वाटलं की आपल्या मनाने बंद करू नका. आणि बरं नसताना बरं आहे असं सांगत फिरू नका. हे शेवटचं ऐकून मला हसूच फुटलं. आपल्या घरात हे वर्ज्य केलं तर बोलायला उरतं काय!

तर ते सगळं झालं, संपलं. आता मी ठणठणीत आहे. तुझे दात हातात घेतलेत. पुढचे दोन जरा वाकडे बसवू का, तुझे मूळचे होते तसे? विचार करून कळव.

आणखी काय. तुझा लोभ माझ्यावर असू दे, आणि राग त्या पंचावर.

तुझा,
बारक्या


२४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पंचाची शिट्टी दोनदा वाचली. इस्त्रीवालीने हसता हसता एका बाईचा झगा जवळजवळ जाळला.

मनाच्या दुखण्याचं वाचून आधी धस्स झालं. मग तूच लिहिलंस उतरलंय, आणि माझा जीव भांड्यात पडला. आपल्या घरात कुणी आजारपण लिहिलं म्हणजे ते गेलं, हे मला माहीत आहे. पण मेल्या, एवढा धिप्पाड तू, दारातून वाकून आत येणारा, आणि तुझं मन आजारी पडावं? इतक्या मोठ्या अंगात त्याला जागा पुरली नाही का?

आता मागे वळून बघू नकोस. काम कर. रिकामं मन सैतानाचं घर. माझ्याकडे बघ, कानाने बहिरी, तोंडाने बोळकी, तरी सकाळी मशीन सुरू करतेच ना? आपल्याहून वाईट दिवस काढणारी किती माणसं आहेत. आणि त्या गोळ्या सुटल्या हे उत्तम. तसल्या गोष्टी अंगवळणी पडतात म्हणे.

पुढचे दोन दात वाकडेच बसव. सरळ दातांची मी मला ओळखू येणार नाही.

तुझी खुशाली वाचून आज मला दुधातला पावही गोड लागला. असंच कळवत राहा.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. काम फार आहे. तुझे दात जवळजवळ झाले, रंग जमत नाहीये एवढंच. सगळं छान आहे. हवा छान आहे. पंच परवा भेटला, मजेत आहे. एक गंमत सांगणार होतो, आता आठवत नाही. पुढच्या पत्रात.

लोभ आहेच, तो असावा.

तुझा,
बारक्या


२ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी स्वतंत्र पत्र लिहिलं नाही. पत्रांचं खातं तुम्हां भावंडांचं, मी त्यात तोंड घालत नाही. आज घालते आहे, आणि ह्यांना न सांगता घालते आहे.

आमच्या कामात फोन उचलला की आधी पत्ता विचारायचा असतो, मग काय झालंय ते, आणि त्यानंतर समोरच्याला रडू द्यायचं. तसंच सांगते. ते बरे नाहीत. दुखणं उतरलेलं नाही. तुम्हाला उतरल्याचं कळवलं तेव्हाही उतरलेलं नव्हतं, नुकतं कुठे उतरायला लागलं होतं.

गेल्या आठवड्यात दारावर एक म्हातारे गृहस्थ आले. तोंडावर रुमाल धरून फार आदबीने विचारत होते, साहेब कुठे आहेत, माझी कवळी हिवाळ्यापासून अडलीय, मी नुसत्या सूपवर आहे. गळ्यात शिट्टी होती. मी कामाची पाळी बदलून घेतली आणि ह्यांच्या वर्कशॉपला गेले. शटर खाली ओढलेलं, आतून कडी. बराच वेळ ठोकल्यावर उघडलं. दिवा नव्हता. अंगात कोट, पायात बूट, स्टुलावर बसलेले. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात ते तिथे अंधारात बसायला, हे मला त्या दिवशी कळलं. फळीवर लोकांचे प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, त्यांच्यावर धूळ. तुमचा साचा पार्सलच्या खोक्यातच आहे, वरची दोरीसुद्धा सुटलेली नाही. डबा रोज स्वच्छ धुतलेला यायचा. त्यातलं जेवण ते मागच्या गल्लीत कुत्र्यांना घालत होते.

वन्सं, त्यांचं बरं होत होतं हो. जानेवारीच्या शेवटाला दाढी करायला लागले होते. एकदा भांडी पुसताना गुणगुणले, मी नळ बंद करून ऐकलं. मग त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं, आणि त्याच दिवसापासून गोळ्या बंद. त्या मला पलंगाखालच्या बुटात सापडल्या. मी विचारलं तर म्हणाले, ताईला बरा झालो असं लिहिलंय, आता कुठल्या तोंडाने गोळ्या घेऊ. तुम्हाला दिलेला शब्द खरा राहावा म्हणून त्यांनी औषध सोडलं. मला आधी कळेचना की यावर चिडावं की काय करावं.

त्यानंतर सगळं पुन्हा तसंच. सुट्टीच्या दिवशी दुपारभर झोप, संध्याकाळी झोप येत नाही म्हणून स्वस्तातली वाइन, सकाळी डोकं जड म्हणून पुन्हा पांघरूण. मित्रांनी बोलावलं की आनंदाने हो म्हणतात आणि त्या दिवशी पोट दुखतं. ते दुखतंय हे फोन करून सांगायचं काम माझं. कुणी विचारलं की असा विनोद करतात की विचारणारा हसत हसत निघून जातो. मग बसलेले असतात तिथेच. आपलेच दात नि आपलेच ओठ, मी तक्रार कुणाकडे करू?

मला भीती वाटते. स्पष्टच लिहिते, जीव जाण्याची भीती वाटते. मी त्यांना समोर बसवून सरळ विचारलं, जगणं नकोसं झालंय का. नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोवर मी रजेवर आहे आणि त्यांना एकटं सोडत नाही. रोज कामावर मी अशी घरं ऐकते, जिथे फोनवरचं माणूस सांगत असतं की कालपर्यंत तर सगळं ठीक होतं.

मंगळवारी येतो असं ते म्हणत नाहीत. माझं ऐकून कानाआड करतात. तुमचं पत्र मात्र कोटाच्या खिशात घेऊन फिरतात, घडीवर फाटलंय ते. गोळ्या घेणाऱ्या भावाचा तुम्हाला कमीपणा वाटत नाही, एवढं तुम्ही लिहा. मी लिहून उपयोग नाही, मी बाहेरून आलेली आहे.

राग मानू नका असं लिहिणार होते. मानायचा तर माना, पण आधी त्यांना पत्र टाका.

आपली,
भावजय


५ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी ऐक.

तुझ्या बायकोने मला सगळं लिहिलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस. आपल्या खानदानात बातमी वेळेवर कळवणारी ती पहिलीच.

मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. आजारी पडलास म्हणून नाही. ते तुझ्या हातात नव्हतं. माझ्या एका पत्रासाठी औषध सोडलंस म्हणून चिडले आहे. मला कुणी सांगितलं होतं तुझा शब्द खरा करायला? शब्द खोटा पडला तर पडू दे. तू पडू नकोस. आणि गोळ्या सुटल्या हे उत्तम, असं जे मी लिहिलं ते उंटावरून शेळ्या हाकणं होतं. तुझ्या डॉक्टरचं ऐक, माझं नको. मला शिलाईतलं कळतं.

आईची शिस्त आईबरोबर गेली असं समज. आता माझंच घे. माझे कान जात चाललेत. यंत्र बिघडलं नव्हतं, मी तपासून घेतलं. जे काही ऐकू येतं तेही जाणार आहे, मोतीबिंदूसारखं काढून टाकता येईल असं काही नाही. हे उतरणारं नाही, म्हणजे आपल्या नियमाने मला हे तुला मरेपर्यंत कळवता आलं नसतं. दुकानात बाई बोलत असते, मी तिच्या ओठांकडे बघत असते, आणि तिने मान वळवली की मी टेप घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहते. मशीनचा आवाज आता पायांना कळतो, कानांना नाही. मला भीती वाटते. हे मी इस्त्रीवालीलासुद्धा सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण मला कुणालातरी सांगायचंय.

मंगळवारी तिच्याबरोबर जा. पलंगाखालच्या बुटात काय काय होतं ते डॉक्टरला सांग. गोळी तिच्यासमोर घे आणि वर तोंड उघडून दाखव, म्हणजे तिला संशय राहायला नको. बाटली तिला ओतू दे. शटर उघडायचं जमत नसेल तर उघडू नकोस, पण मग घरी राहा, अंधारात जाऊन बसू नकोस.

आणि मला पत्र लिही. विनोद नको. एक ओळ लिही, वाईट लिही, अक्षर घाण आलं तरी चालेल. तुझ्या हसऱ्या पत्रांवर मी इतकी वर्षं जगले, पण मला हसरा भाऊ नकोय, भाऊ हवाय. गोळी घेणारा, आंघोळ न केलेला, जसा असशील तसा.

दुकान दोन आठवडे बंद करून मी यायला तयार आहे. तू ये म्हटलंस की निघते, नको म्हटलंस तरी बहुतेक निघेनच.

आता आशीर्वाद. होते नव्हते तेवढे सगळे.

ताई


१३ एप्रिल

ताई,

हे पत्र तीन वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी पहिली ओळ गमतीची यायची, मग फाडायचो.

मी बरा नाही.

मंगळवारी गेलो. म्हणजे ती घेऊन गेली, मी चपला घातल्या एवढंच. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, परिणाम दिसायला काही आठवडे जातील म्हणाले. दर चार दिवसांनी दाखवायला जायचंय, आणि वाईट विचार आला तर त्याच क्षणी कुणालातरी सांगायचं, हे माझ्याकडून कबूल करून घेतलं. गोळ्यांनी काही होईल यावर माझा विश्वास नाही. तरी घेतो. ती बघत असते. बाटल्या तिने मोरीत ओतल्या तेव्हा मला तिचा इतका राग आला की मी दिवसभर बोललो नाही. ती मात्र शेजारी बसून राहिली.

पंचाची गोष्ट खोटी होती. माणूस खरा, शिट्टी खरी, पण कवळी मी केलीच नव्हती. चावीवाला कधी हात वर करून आला नाही. त्याचं दुकान मागच्या वर्षीच बंद झालं. माझ्या पत्रांतलं असं आणखी बरंच आहे. पंचाचं आणि बाकीच्यांचं काम तिने दुसऱ्या वर्कशॉपला दिलं. फळी रिकामी झाली. मला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

तुझ्या कानांचं वाचलं. खरं सांगू? वाचून मला काहीच वाटलं नाही. मग काही वाटलं नाही याची लाज वाटली. संध्याकाळी बुटाची नाडी सोडताना एकदम रडू आलं, आणि ते तुझ्यासाठी होतं. तू एकटी त्या मशीनपाशी बसतेस आणि आवाज पायांनी ऐकतेस, हे डोळ्यांसमोरून जात नाही. ह्या दिवसांत दुसऱ्या कुणासाठी मला रडू आलं ते हे पहिलंच.

तुझे दात झालेले नाहीत. रंगाचं खोटं होतं. मी खोकं उघडलंसुद्धा नाही. ते कोपऱ्यात दिसलं की मला वाटायचं, ताई तिकडे माझ्यासाठी उपाशी बसलीय, आणि मग हात आणखीनच उचलायचा नाही. केव्हा करीन ते मला सांगता येत नाही. करीन की नाही हेही सांगता येत नाही. तू तिथल्या माणसाकडून करून घे. लगेच घे. माझी वाट बघू नकोस. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं, गोळ्यांपेक्षा आणि डॉक्टरपेक्षाही.

ये. आलीस तर मी बहुतेक बोलणार नाही. तुला ऐकू येणार नाही आणि मला बोलवणार नाही, तेव्हा जमेल आपलं. हा विनोद झाला का? असला तर आपोआप आला, मी केला नाही.

आज सकाळी उठलो तेव्हा दिवस नको होता. आता दुपार आहे, अजूनही फारसा नको आहे, पण पत्र पुरं झालं. ती पोस्टात टाकायला निघाली आहे, मला बरोबर चल म्हणते आहे. कोपऱ्यापर्यंत जाईन म्हणालो.

लोभ असावा ही विनंती. आजवर हे सवयीने लिहीत आलो. आज मागतो आहे.

तुझा,
बारक्या